हात वर

जनकगंजातल्या काकूंचा फोन आला तेव्हा श्रावण लागून आठवडा झाला होता. दिवाणखान्याच्या छतावर पंख्याच्या डाव्या बाजूला पिवळा डाग पडलाय, रोज बोटभर वाढतोय, आणि काल रात्री तिथून एक थेंब पडला. "छत उघडावं लागेल, काकू," मी म्हटलं. त्या जरा थांबल्या. मग म्हणाल्या, "उघड. पण तू एकटा ये. ती हातोडेवाली पलटण आणू नकोस. मागच्या वेळी देवघरातल्या समईतसुद्धा पांढरी भुकटी निघाली होती."

ग्वाल्हेरच्या लष्कर या भागात जुन्या मराठी घरांची छतं दोन मजली असतात असं मी म्हणतो. वरचं खरं छत दगडी पटियांचं. लोखंडी गर्डर टाकायचे आणि त्यांवर ग्वाल्हेरी दगडाच्या लांब फरश्या बसवायच्या, अशी इथली रीत. त्याच्या हातभर खाली, गेल्या वीस-पंचवीस वर्षांत आलेलं दुसरं छत: पत्र्याच्या चॅनलच्या सांगाड्यावर स्क्रूनं बसवलेले जिप्समचे बोर्ड, ज्याला सगळे फॉल्स सीलिंग म्हणतात. दोन्हींच्या मधल्या हातभर अंधारात काय आहे, ते घरमालकाला ठाऊक नसतं. वायरी, जुने पाइप, उंदरांनी नेलेला कापूस, कधी कोणा कारागिरानं विसरलेला पाना. ते बंद छत खालून, डोक्यावर हात धरून, अंदाजानं कापणं हे माझं काम. बावीस वर्षं झाली.

काकूंकडे पहिला अर्धा तास मी काहीच कापलं नाही. बोटाच्या पेरानं टकटक करत फिरलो. बोर्डाच्या मागे चॅनल असेल तिथे आवाज आखडतो, नसेल तिथे ढोलकीसारखा पसरतो. मग दोऱ्याला बांधलेलं चुंबक काढलं. हरभऱ्याएवढंच आहे. बोर्डाला टेकवून हळूहळू सरकवायचं. पुट्टी आणि रंगाच्या खाली स्क्रूचं डोकं आलं की चुंबक बोटातून ओढल्यासारखं होतं आणि तिथेच चिकटून राहतं. तिथे पेन्सिलीचा ठिपका. असे आठ-दहा ठिपके झाले की त्यांच्या रांगा दिसायला लागतात, दोन रांगांत साधारण दीड फूट. ४५७ मिलिमीटर हे त्याचं ठरलेलं माप. म्हणजे आतला पत्रा कुठून जातो ते खालून कळलं. काकू खुर्चीवर बसून बघत होत्या. पांढऱ्या छतावर ठिपके वाढत गेले तशा म्हणाल्या, "रांगोळीच घातलीस की."

ठिपके झाले की मेन स्विच खाली. यात तडजोड नाही. छताच्या आत वायर कुठून वळलीय ते चुंबक सांगत नाही. दिव्यांच्या वायरी बहुतेक वेळा पाइपात नसतात, बोर्डावर मोकळ्या पडलेल्या असतात आणि पातं त्यांना सहज लागतं. पण मेन बंद केला की पूर्वी आमची पंचाईत व्हायची, कारण आमचं यंत्र त्याच घराच्या विजेवर चालायचं. मग शेजाऱ्याकडून एक्स्टेन्शन ओढा, जिन्यावरून वायर आणा, नाहीतर "एवढंच कापायचंय" म्हणून वीज चालूच ठेवा. चालू ठेवूनच बहुतेक कामं व्हायची. मीही केली आहेत. बॅटरीवरच्या यंत्रांचं कौतुक करताना लोक सोय सांगतात, वेग सांगतात. मला विचाराल तर त्यांची पहिली देणगी हीच: घर पूर्ण मेलेलं असताना हातातलं यंत्र जिवंत असतं.

दुसरी देणगी, पायात येणारी वायरच नसणं, मला फार उशिरा मिळाली.

२००९ साली एका शोरूमच्या छतात दिव्यांची भोकं पाडत होतो. हातात वायरवालं ड्रिल, पायाखाली लाकडी घोडी, वायर घोडीच्या पायाला वेढा घालून मागच्या बोर्डापर्यंत गेलेली. एक भोक झालं, दुसऱ्यासाठी वळलो, वायर ताणली गेली. मी हात वर असताना पडलो. हात वर असताना पडणारा माणूस स्वतःला सावरू शकत नाही, हे मला त्या अर्ध्या क्षणात कळलं. सावरायला जे हात लागतात तेच दुसरीकडे गुंतलेले असतात. डावं मनगट मोडलं.

प्लास्टर घातलं तेव्हा ओल्या पट्ट्या गार होत्या. पाच-सात मिनिटांत त्या आतून गरम व्हायला लागल्या. मी घाबरून कंपाउंडरकडे बघितलं, तर तो म्हणाला, "पक रहा है." प्लास्टर पिकत होतं. ही ऊब मला पुढे नीट समजली. जिप्सम हा दगडच, पण त्याच्या वजनाचा पाचवा हिस्सा पाणी असतं, स्फटिकात बांधलेलं. आपल्याकडे तो मुख्यतः राजस्थानातून येतो, नागौर-बिकानेरच्या बाजूनं. भाजला की त्यातलं पाऊण पाणी उडतं आणि उरते ती भुकटी म्हणजे प्लास्टर ऑफ पॅरिस. तिला पुन्हा पाणी दिलं की ती गेलेलं पाणी परत घेते, पुन्हा दगड होते, आणि घेताना उष्णता सोडते. डच लष्करातले डॉक्टर अँटोनियस मॅथायसन यांनी १८५२ साली ही भुकटी कापडी पट्ट्यांत भरून मोडलेल्या हाडांवर बांधायची पद्धत जगापुढे ठेवली. माझ्या मनगटावर जे होतं तेच मी रोज लोकांच्या छतावर लावत होतो. सहा आठवडे मी एक लहानसं छत हातावर घेऊन फिरलो.

ते काढायच्या दिवशी कंपाउंडरनं एक यंत्र काढलं. चालू केल्यावर गोमाशीसारखा आवाज, आणि पुढे अर्धगोल पातं. मला वाटलं, आता हात जातो. त्यानं काही न बोलता ते चालू पातं स्वतःच्या तळहाताला हलकेच टेकवलं. काहीच झालं नाही. ते पातं फिरत नाही, थरथरतं. डावीकडे जरासं, उजवीकडे जरासं, मिनिटाला हजारो वेळा. कातडी मऊ असते, पात्याबरोबर हलते आणि सुटते. प्लास्टर कडक असतं, हलत नाही, म्हणून कापलं जातं. जो अडून राहतो तोच कापला जातो, हे त्या यंत्राचं सगळं गणित. प्लास्टर दोन फाकांत उघडलं आणि आतून माझा पांढरा, सुरकुतलेला, ओळखीचा न वाटणारा हात निघाला.

त्यानंतर चार-पाच वर्षांनी लोहिया बाजारात एका दुकानात उभा होतो. आतून तोच आवाज आला. पोटात गोळा आला आणि डावं मनगट आपोआप छातीशी गेलं. आत दुकानदार एका सुताराला बॅटरीवरचं मल्टी टूल, म्हणजे थरथरत्या पात्याचं कापायचं यंत्र, दाखवत होता. हे दवाखान्यातलं यंत्र इथे कसं, असं मला वाटलं, आणि तो माझा भ्रम नव्हता. होमर स्ट्रायकर या अमेरिकी अस्थितज्ज्ञानं १९४० च्या दशकात असं थरथरणारं प्लास्टर-कटर बनवलं होतं. जर्मनीतल्या फाइन कंपनीनं १९६७ मध्ये आपली प्लास्टर कापायची थरथरणारी करवत आणली, आणि कारागिरांचं मल्टी टूल पुढे त्याच कुळात जन्मलं. मी त्या दिवशी ते विकत घेतलं. पैसे पुरेसे नव्हते, निम्मे उधार ठेवले.

एक गोष्ट इथे लिहिलीच पाहिजे, कारण माझ्याकडून ही हकीकत ऐकून एका पोरानं करून बघायला हात पुढे केला होता. छत कापायची पाती दातेरी असतात. ती कातडी फाडतात. दवाखान्यातला तो तळहाताचा प्रयोग मल्टी टूलवर कधीही करायचा नाही.

डोक्यावर कापायला यंत्रं तशी बरीच आहेत. फिरणाऱ्या बारीक बिटाचं कट-आउट टूल आहे. मिनिटाला पंचवीस-तीस हजार फेरे, लोण्यातून सुरी जावी तसं बोर्डातून जातं. नव्या छतात, आत काय आहे हे ठाऊक असताना, दिव्यांच्या डब्यांभोवती ते घ्यावं. पण धूळ इतकी की वर बघणाऱ्याला पाच मिनिटांत काही दिसत नाही. ड्रिलला लावायची गोल करवत, होल सॉ, ठरावीक मापाच्या दिव्यांसाठी. तिच्यामागे मी प्लॅस्टिकचा वाडगा भोक पाडून उलटा बसवतो, भुकटी त्यातच पडते. आणि एकच छोटं भोक असेल तर वीतभर लांब, टोकदार हातकरवतीसारखं दुसरं काही नाही. आवाज नाही, धूळ जवळजवळ नाही, आणि पुढे वायर लागली तर हाताला आधी कळतं. बॅटरीवरची सगळी यंत्रं पेटीत असूनही मी ती करवत सोडलेली नाही. पण जुनं, बंद छत चौकोनी उघडायचं असेल तर मल्टी टूल. बोर्ड साडेबारा मिलिमीटर जाड. पात्यावर तेवढ्या अंतरावर रंगीत टेप लावायची आणि टेपच्या पुढे जायचं नाही. जुन्या पीओपीच्या, म्हणजे प्लास्टर ऑफ पॅरिसच्या, छतात मात्र आत तारेची जाळी असते. तिथे लाकडाचं पातं दोन मिनिटांत बोथट होतं, धातूचंच लागतं.

आता यंत्र घ्यायचं कसं, हे मला नवी पोरं विचारतात आणि त्यांचा पहिला प्रश्न व्होल्टचा असतो. अठराचं घेऊ की विसाचं? दोन्ही बहुधा एकच असतात. आत पाच सेलांची रांग असते. प्रत्येक सेल ३.६ व्होल्टचा धरला तर अठरा. नुकता भरलेला, चारच्या आसपास धरला तर वीस. डब्यावर काय छापायचं तेवढाच फरक. मी त्यांना म्हणतो, यंत्र दुकानात चालवून बघू नकोस. बॅटरी लावून हातात घे, हात सरळ डोक्यावर ने आणि शंभर मोज. दुकानदार हसेल, हसू दे. बारा व्होल्टचं मल्टी टूल किलो-सव्वा किलोत बसतं. अठराचं, त्यावर पाच अँपिअर-अवरची मोठी बॅटरी चढवली की दोनच्या घरात जातं. कमरेच्या उंचीवर हा फरक कळतसुद्धा नाही. डोक्यावर, हात लांब केलेला असताना, तो सत्तराव्या आकड्यापाशी खांद्यात उतरतो. छतासाठी लहान बॅटरी लावावी, दोन ठेवाव्यात, आणि एक संपली की खाली उतरावं. ते खाली उतरणंही कामाचाच भाग आहे.

मेमध्ये आणखी एक अडचण येते. ग्वाल्हेरात पारा ४५ च्या वर जातो आणि छताखालची हवा त्याहून तापलेली. लिथियमच्या बॅटऱ्या इतक्या तापलेल्या असताना चार्ज होत नाहीत, होऊही नयेत. चार्जरवरचा दिवा नुसता लुकलुकत राहतो. पोरं चार्जर बिघडला म्हणून दुकानात नेतात. मी बॅटरी माठाजवळच्या गार फरशीवर सावलीत ठेवतो, भिजणार नाही अशी, आणि अर्धा तास आपणही बसतो.

स्टुटगार्टच्या त्याच फाइन कंपनीनं १८९५ साली विजेवर चालणारं पहिलं हातातलं ड्रिल केलं. त्याचं वजन साडेसात किलो होतं. ते डोक्यावर धरणाऱ्या माणसाचा मी पुष्कळदा विचार करतो. १९६१ मध्ये ब्लॅक अँड डेकरनं वायर तोडली, निकेल-कॅडमियमच्या बॅटरीवर. त्या बॅटऱ्या जड आणि अशक्त होत्या. १९९१ मध्ये सोनीनं लिथियम-आयनचा सेल बाजारात आणला तो कॅमेऱ्यांसाठी वगैरे. आमच्या मोठ्या हत्यारांत तो यायला २००५ उजाडलं. साडेसात किलोंवरून एक किलोवर यायला एवढी वर्षं लागली, आणि मधल्या सगळ्या वर्षांत छतं तर होतच होती.

ज्यांच्या हाताखाली मी शिकलो ते उस्ताद दाल बाजाराच्या मागे राहायचे. पीओपीची नक्षी त्यांच्यासारखी लष्करात कोणाला जमत नव्हती. शेवटच्या वर्षांत ते जेवताना उजवा हात डाव्या हातानं उचलून ताटापर्यंत आणायचे. केस विंचरायला नातवाला बोलवायचे. हात वर धरून ठेवला की खांद्याच्या स्नायूंना रक्त कमी पोचतं, हाडाखालची दोरी घासली जाते, वर्षानुवर्षं घासून ती झिजते. हे मला डॉक्टरांनी गेल्या वर्षी समजावलं, माझाच खांदा तपासताना. दिवसात किती वेळ हात वर असतात, असं त्यांनी विचारलं. मी आठवडाभर मोजून सांगितलं: तीन तास, कधी चार. मराठीत हात वर करणं म्हणजे जबाबदारी झटकणं. उस्तादांनी आयुष्यभर हात वर केले आणि एकही काम अर्धवट सोडलं नाही.

जयविलास महालातल्या दरबार हॉलचं छत तुम्ही पाहिलं असेल. महाल १८७४ चा, जयाजीराव शिंद्यांनी बांधलेला. दोन झुंबरं, एकेक साडेतीन टनांचं. ती पेलतील की नाही हे बघायला आधी गच्चीवर हत्ती चढवले होते, असं ग्वाल्हेरात प्रत्येक घरात सांगतात. पाहुणे आले की मी त्यांना घेऊन जातो. ते झुंबराकडे बघतात. मी झुंबराच्या मुळाशी, सोनेरी नक्षीकडे बघतो. तिथे परांचीवर उताणं पडून, नाहीतर मान मोडून, महिनोन्महिने कोणाचे तरी हात होते. हत्तींची गोष्ट राहिली. त्या हातांची कोणी सांगत नाही. तुमच्या घरात छताचं काम चालू असेल तर कारागिराला चहा तो घोडीवर असताना देऊ नका. खाली बोलवा, बसवा, हात मांडीवर टेकू द्या. उशीर होतोय म्हणून घाई करू नका. एवढं मला अगदी मनापासून सांगायचं आहे.

काकूंना ते सांगावं लागलं नाही.

ठिपके टाळून फूटभराचा चौकोन आखला. खाली जुनी चादर, तिच्यावर ओलं फडकं. चष्मा, मास्क. यंत्राच्या पुढच्या लहान दिव्याचा उजेड, बाकी खोलीत पावसाळी अंधार. पातं सरळ नाही धरलं, तिरकं धरलं, वरचा भाग बाहेरच्या बाजूला कललेला. असा काप घेतला की तुकडा वरून रुंद आणि खालून अरुंद होतो. पुढे तोच परत वरून बसवला की स्वतःच्या वजनानं खोबणीत बसतो, खाली येत नाही. तीन बाजू झाल्यावर थांबलो आणि तुकड्याच्या मधोमध एक लांब स्क्रू अर्धा आत पिळला. ती मूठ. चौथी बाजू सुटताना एका हातानं स्क्रू धरायचा, म्हणजे भिजलेला बोर्ड तोंडावर येत नाही. डाव्या हातानं स्क्रू, उजव्या हातात यंत्र. शेवटचे दोन इंच कापताना आवाज बदलतो, भरीव होता तो पोकळ होतो. तुकडा हातात आला. वर ढकलला, तिरपा केला, कोपऱ्यातून खाली घेतला. ओला होता, पोळीसारखा लवत होता.

डोकं आत घातलं. पटियांच्या दोन फरश्यांमधली दरज उघडली होती, जुना चुना गळून पडला होता आणि तिथून पाण्याची रेघ गर्डरवरून सरकत बोर्डावर उतरत होती. गच्चीवरून भरून घ्यायचं काम, गवंड्याचं, एका दिवसाचं. ते कळल्यावर खरं म्हणजे मी खाली उतरायला हवं होतं. पण दिवा जरा फिरवला आणि दिसलं की सीलिंगच्या सांगाड्याच्या दोन तारा दगडात ठोकलेल्या खिळ्याला नाहीत. त्या दोन जाड लोखंडी कड्यांना बांधल्या आहेत. कड्या सीलिंगपेक्षा खूप जुन्या, आतून झिजून चकचकीत झालेल्या.

खाली येऊन काकूंना सांगितलं. "झोपाळ्याच्या," त्या लगेच म्हणाल्या. "सासूबाईंचा झोपाळा होता तिथे. सीलिंग केलं तेव्हा काढला. मला वाटलं कड्याही काढल्या असतील."

ज्यानं ते छत टांगलं त्यानं त्या कड्या का वापरल्या, हे मला विचारावं लागलं नाही. ग्वाल्हेरी दगडात खालून वर ड्रिल धरून भोक पाडणं म्हणजे काय, ते मला ठाऊक आहे. दगडाची भुकटी डोळ्यांत, यंत्राचे धक्के कोपरातून मानेपर्यंत. चार भोकं पाडायची होती, त्याला दोन कड्या आयत्या मिळाल्या. दोन भोकं वाचली. ताराही त्यानं नीट बांधल्या होत्या, तीन-तीन वेढे, टोकं आत वळवलेली. दोन्ही ओढून बघितल्या, तसूभर हलल्या नाहीत. तशाच ठेवल्या.

गवंड्याचं काम झालं, चार दिवस छत उघडं ठेवून वाळू दिलं. पाचव्या दिवशी गेलो. भिजलेला तुकडा कामाचा राहिला नव्हता. नवा बोर्ड त्याच मापाचा, त्याच तिरक्या कडांचा कापून नेला. सांध्याला पट्टी आणि पुट्टी भरली नाही, नुसता वर बसवला. पुन्हा कधी बघायची वेळ आली तर कोणाला कापावं लागू नये, दोन बोटांनी उचलला की उघडेल. बसवायच्या आधी त्याच्या वरच्या बाजूला पेन्सिलीनं वायर कुठून जाते ती रेघ काढली, दोन कड्यांच्या जागी दोन गोल काढले आणि तारीख घातली.

काकूंनी खालून विचारलं, "काय लिहितोयस रे?"

"पुढच्यासाठी," मी म्हटलं.

"मग ये खाली. चहा केलाय."